जास्वंदीच्या चित्रावर क्लिक केलं की भलतीच स्लाइड उघडते
फुलाच्या एखाद्या भागावर क्लिक केलं की त्या भागाच्या माहितीची स्लाइड उघडावी, असं जास्वंदीचं चित्र तुम्ही मुलांसाठी केलंय. पण फुलाच्या भागाऐवजी जरा बाजूला क्लिक पडलं की शो पुढे सरकतो, ही तुमची अडचण सहज सुटते. पॉवरपॉइंटमध्ये 'सेट अप स्लाइड शो' उघडून 'ब्राउज्ड अ‍ॅट अ कियॉस्क' निवडा. मग फक्त लिंकच चालतात. अर्थात प्रत्येक माहितीच्या स्लाइडवर मूळ चित्राकडे परतायचं बटण हवंच, नाहीतर मुलं तिथंच अडकतात.

लिंकसाठी फुलाच्या भागावर आकार काढाल तेव्हा 'नो फिल' (आत रंग नाही) ठेवू नका, आतल्या जागेत क्लिक लागत नाही. रंग भरून ट्रान्सपरन्सी (पारदर्शकता) १०० टक्के करा. नेट नसलेल्या शाळेतही हे चालतं, म्हणून मला हाच मार्ग पसंत आहे.

जास्वंद निवडलीत हे उत्तम, पण मधली नळी तपासून घ्या. मुलं तिला हमखास कुक्षीवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) म्हणतात. पण ती पुंकेसरांचे तंतू जुळून झालेली असते. कुक्षीवृंत तिच्या आतून जातो आणि टोकाला ५ कुक्षी (परागकण धरणारी टोकं) दिसतात. तिथे दोन वेगळे आकार ठेवा: एक नळीवर, एक टोकावर. अंडाशय बाहेरून दिसत नाही, त्यासाठी उभ्या छेदाचा दुसरा फोटो लागेल.