सणाला म्हातारी माणसं आत आणि पोरं बाहेर ओट्यावर, काय करावं?

पेणकडचा:
शालोम मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, वेळ असेल तर वाचा. आमची बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यू (यहुदी) लोकांची सिनेगॉग (प्रार्थनेची जागा) कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. आजीच्या तोंडी ती कायम मशीदच, त्यावरून बाहेरच्यांचा होणारा गोंधळ वेगळाच. एके काळी अख्खी आळी आपल्या लोकांची, आता तीन घरं उरलीत, त्यातल्या दोन घरांत सत्तरीपुढची माणसं. बाकी सगळे मुंबई-ठाणे नाहीतर इस्राएल. मोठ्या सणांना गाड्या भरून लोक येतात तेव्हा मिनयान (प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष) होतो, एरवी शनिवारी शब्बाथला दहा पुरुष जमले तर नवलच.

यंदा रोश हशानाला, आपल्या नवीन वर्षाला, नीट बघितलं. पुढच्या बाकांवर म्हातारी मंडळी, मधले बाक ओस, आणि पोरं बाहेर ओट्यावर. शोफार (शिंग) वाजायच्या वेळी सगळी आत धावली, वाजून झाल्यावर परत बाहेर. मागे कमिटीने 'युवा कार्यक्रम' म्हणून प्रोजेक्टर लावला होता, पूर्वजांचं नवगावला गलबत फुटलं, सात बायका सात पुरुष वाचले, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली, ते सगळं. पोरांनी हे जन्मापासून ऐकलंय. सात जण आले, त्यातले चार आमच्याच घरचे.

आणि दुसरं, हे जास्त टोचतंय. भाच्याची बायको हिंदू, मुलगी सहा वर्षांची. एका काकांनी सगळ्यांसमोर त्या पोरीला विचारलं, "तू कुणाकडून गं?" आपल्यात यहुदीपण आईकडून धरतात ना. तिला काही कळलं नाही, तिच्या आईला कळलं. तेव्हापासून दोघी येत नाहीत. म्हाताऱ्यांना न दुखवता या सगळ्यांना एकत्र कसं बसवायचं, कुणी केलंय का?

ठाण्याची_लेक:
दादा, मी २४ ची, त्या ओट्यावरच्यांपैकीच समजा :) आम्ही बाहेर का बसतो सांगू? आत आम्हाला काही कामच नसतं. भाषण ऐकायला कोण येणार, तेही ज्याचा शेवट "तुमच्या पिढीने काही ठेवलं नाही" असा ठरलेलाच.

माझं काय झालं ते सांगते. आमच्याकडे नवीन घराचा मलिदा (पोहे-फळांचं ताट मांडून आभार मानायचा विधी) होता, आईला ऐनवेळी ताप आला आणि सगळं माझ्यावर पडलं, सोबत फक्त आजी, तीही खुर्चीवर बसून. पोहे किती भिजवायचे हे ती सांगतच नव्हती, नुसतं "हात घाल, कळेल" म्हणायची. मी घातले पाण्यात आणि फोनवर बोलत बसले, झाला लगदा. तिने ते बाजूला काढायला लावलं आणि परत दुसरे घ्यायला लावले. मग खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, ताटाभोवती फळं मांडायला लागले तर म्हणाली केळं वेगळं धर, त्याची बेराखा (खाण्याआधीची प्रार्थना) वेगळी. का म्हटलं तर केळीला झाड धरत नाहीत, एकदा घड दिला की खोड मरतं, म्हणून जमिनीच्या पिकाची बेराखा. तेवीस वर्षं मलिदा खाल्ला आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं! सांगायची वेळच आली नव्हती ना, कारण ताट नेहमी तयार होऊन समोर यायचं.

तर कार्यक्रम बिर्यक्रम बंद करा. मलिद्याचं ताट पोरांकडे द्या, आज्यांना शेजारी खुर्च्या द्या. बिघडलं तर बिघडू दे.

जुना_हझान:
वय ७१, सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणारा. लेक बोलली ते पटलं, पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मिनयानला कोण धरायचं हे मत घेऊन ठरत नसतं. आमची पद्धत ऑर्थोडॉक्स, तेरा वर्षांवरचे दहा पुरुष, आणि ते मी बदलणार नाही. ज्यांना वेगळं हवं त्यांच्यासाठी मुंबईत रोदेफ शालोम ही सुधारकांची सिनेगॉग आहेच, १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांनी ज्यूइश रिलिजियस युनियन सुरू केली तेव्हापासूनची वाट ती, तिथे बायका-पुरुष एकत्र बसतात. मला त्यांच्याबद्दल राग नाही.

पण त्या सहा वर्षांच्या पोरीला विचारलेला प्रश्न मात्र हलकट होता. माझ्या आजोबांच्या वेळी आपल्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल (बाहेरच्या आईची म्हणून धरलेली घराणी) होते, सोयरीक सोडा, भांडीसुद्धा वेगळी. आज कुणाचे आजोबा कोणत्या बाजूचे हे कुणी विचारत नाही, विचारायला माणसंच उरली नाहीत. धर्मांतराचा विषय राब्बींचा, धर्मगुरूंचा आहे आणि तो तिच्या आईवडिलांशी, घरात बसून. ओट्यावर नाही.

बाहेरची_सून:
मी त्याच बाजूची, म्हणून दोनच वाक्यं. लग्नाला नऊ वर्षं झाली, सासूबाईंनी किद्दुशचं (शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेचं) शरबत करायला शिकवलं, काळे मनुके भिजवून कुस्करून गाळायचं, दर शुक्रवारी मीच करते, पण सिनेगॉगमध्ये अजून मला "अमक्याची मिसेस" म्हणतात. नावाने हाक मारा हो, एवढं केलंत तरी पुष्कळ.

लोदची_मावशी:
अरे बाळा, इथे इस्राएलात लोदला बसून वाचतेय, चष्मा सापडेना म्हणून उशीर. कोण आपला कोण परका हा प्रश्न आम्ही इथे दुसऱ्या बाजूने भोगलाय. आमच्या लोकांची लग्नं लावायला इथले राब्बी कां कूं करायचे, लोकांनी मोर्चे काढले, तेव्हा कुठे १९६४ साली सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल पूर्ण यहुदी. आपण स्वतः दारात उभं राहिलेलो आहोत, तेव्हा दुसऱ्याला दारात उभं करताना लाज वाटायला हवी की नको?

आता कामाचं. माझ्या नातवंडांना हिब्रू फाडफाड येतं, मराठी फक्त कानाला. तिकडच्या पोरांना उलटं. पेसाहच्या सणाला आम्ही व्हिडिओ कॉल लावतो (सण लागायच्या आधी, नंतर फोन बंद). पुण्यात १८७४ साली छापलेल्या हग्गादाची (पेसाहच्या रात्री वाचायच्या पुस्तकाची) झेरॉक्स आहे माझ्याकडे, हिब्रू आणि मराठी दोन्ही, चित्रांत बायका साडी नेसून. इथला नातू हिब्रूतून मा निश्तना, म्हणजे त्यातले पोरांनी विचारायचे प्रश्न, म्हणतो, तिकडची भाची तेच मराठीतून वाचते, ती अडखळली की मी सांगते, तो अडखळला की ती हसते. जुनं मराठी आहे, मलाही काही शब्द अडतात, मग तिकडचे आबा सांगतात. चौघांपैकी एकालाही सगळं येत नाही म्हणून जमतं बघ.

स्क्रूड्रायव्हर:
सगळे भावनिक झालेत, मी जिन्याबद्दल बोलतो. बायकांची गॅलरी वर आहे ना तुमच्याकडे? किती आज्या चढू शकतात? आमच्याकडे पाच जणी नुसत्या गुडघ्यांमुळे घरी बसायच्या आणि कमिटीला वाटायचं श्रद्धा कमी झाली. राब्बींना विचारून खालीच मागच्या बाजूला पडदा लावून जागा केली, पायऱ्यांना कठडा बसवला, टॉयलेट कमोडचं केलं. आज्या आल्या की त्यांना आणणारी नातवंडं आपोआप येतात. आधी हे करा, मग हग्गादा.

पेणकडचा:
जिन्याचं डोक्यातच आलं नव्हतं, आमच्याकडे सोळा पायऱ्या आहेत आणि कठडा एकाच बाजूला, तोही हलतो.

काल त्या काकांकडे गेलो होतो. आधी चिडले, मग म्हणाले मी सहज विचारलं होतं, मग बराच वेळ गप्प. माफी वगैरे मागतील असं वाटत नाही, पण भाच्याला फोन लावून द्या म्हणाले, तो लावून दिला. काय बोलले ते मी ऐकलं नाही, बाहेर गेलो होतो.

पुढच्या महिन्यात सिनेगॉगमध्ये मलिदा ठेवतोय, ताट पोरांकडे. भाच्याची बायको येईन म्हणालीय, मुलीला घेऊन, "बघू" असं म्हणून. हझानकाका, तुम्ही बेराखा म्हणायला याल का? आणि ठाण्याच्या ताई, तुमच्या आजीला आणता आलं तर आणा, खालीच बसवू. खवणी एकच आहे आमच्याकडे, अजून एक लागेल.

ठाण्याची_लेक:
आजी येते म्हणालीय. खवणी तिचीच आणणार, दुसऱ्याची चालत नाही तिला.