अनुभव धागा: जुनी क्लासिक की ट्रॅकवरची? कोकणात कोणती गाडी पाळलीत?

देवगडकर (धागाकर्ता)

यंदा आंब्याच्या कलमांनी हात दिला. देणी फिटून थोडे पैसे उरलेत आणि घरून परवानगीही मिळाली आहे, अर्थात तोंडी. समोर दोन मोटरसायकली आहेत. एक कोल्हापुरात, जुनी राजदूत ३५०, हाय टॉर्क (त्यातलं जास्त ताकदीचं मॉडेल), मालकाने पूर्ण उघडून पुन्हा बांधलेली. दुसरी रत्नागिरीत, ट्रॅकच्या धर्तीची केटीएम आरसी ३९०, २०२२ नंतरचं मॉडेल, एकाच हातची. दोघांच्या सांगण्याच्या किमतीत फार फरक नाही.

हॉर्सपॉवर मला पाठ आहेत, ते नकोत. घरापर्यंत गाज ऐकू येते, चार महिने पाऊस, आणि कुठेही जायचं तर एक तरी घाट किंवा खाडी आडवी. अशा जागी जुनी स्पोर्ट्स गाडी किंवा ट्रॅकसाठी बनवलेली गाडी तुम्ही पाळली असेल तर ती कशी राहिली आणि तुम्ही कसे राहिलात, ते लिहा. चारचाकीवाल्यांनीही लिहा. ऐकीव नको.

टूस्ट्रोक_रत्नागिरी

काका, माझ्याकडे वडिलांची राजदूत ३५० आहे, पण लो टॉर्क. म्हणजे साडेतीसऐवजी सत्तावीस बीएचपी. १९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० राजदूत नावाने इथे आणली तेव्हा पुढचा डिस्क ब्रेक काढून ड्रम ब्रेक बसवला. त्या ड्रमपासूनच सुरुवात करतो, कारण तुम्ही घाटाचं विचारलंत.

पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की पहिला ब्रेक नुसता विचारपूस करतो, दुसरा लागतो. त्यात टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नाही. आंबा घाट साखरप्याकडे उतरताना फोर-स्ट्रोकवाला गिअर पाडून निवांत येतो, आपण मात्र दोन्ही ब्रेकांवर. आणखी एक गोष्ट नवे लोक सांगत नाहीत. या गाडीत तेल पंपाने जातं आणि पंप थ्रॉटलला जोडलेला असतो. थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून लांब उतार उतरलात तर चाकं इंजिनाला जोरात फिरवतात, पण तेल जेमतेमच पोचतं. म्हणून उतारावरही मधून मधून हलका थ्रॉटल द्यायचा. वडिलांनी क्लचच्या आधी हे शिकवलं.

खाऱ्या वाऱ्याबद्दल: क्रोम सगळ्यात आधी स्पोकच्या मुळाशी आणि सायलेन्सरच्या पोटाला फुटतो. वरून चकचकीत दिसते, वाकून बघितलं की कळतं. मी जूनच्या तोंडाला दोन्ही कार्बुरेटरच्या वाट्या रिकाम्या करतो, टाकी गळ्यापर्यंत भरतो (आत हवा कमी राहिली की आत घामही कमी धरतो), प्लग काढून थोडं टू-टी ऑइल सोडतो आणि इग्निशन बंद ठेवून किक फिरवतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल ओढून घेतं, शिवाय जुन्या रबरांना ते मानवत नाही. त्यामुळे पेट्रोलच्या नळ्या आणि कार्बुरेटरचे सील नवे घातलेत.

आता दुसरी बाजू. दिवाळीनंतर सकाळी आरे-वारेच्या वळणांवर सुई चार हजारांच्या पुढे सरकते आणि दोन्ही सिलिंडर एकदम गायला लागतात, तेव्हा वरचं सगळं विसरायला होतं. ऑक्टोबर ते मे अशी गाडी हवी असेल तर घ्या. बारा महिने हवी असेल तर स्कूटर आहेच.

पाखाडी

चेसिस नंबर बघा. बाकी सगळं नंतर.

आंबोली_रोजची

माझी आरसी ३९०, जुन्या पिढीतली. राहते सावंतवाडीत.

आधी त्रास सांगते. हँडल खाली आणि पुढे, त्यामुळे शहरात सगळा भार मनगटांवर. बाजारात गर्दीत अडकलं की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवा मांड्यांवर. आजीने पहिल्या दिवशी मला त्यावर ओणवी बसलेली बघून विचारलं, "गो, काय हरवला काय तुझा? शोधतंस काय खाली?"

ती बसण्याची पद्धत कशासाठी आहे ते मला कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर शिकायला गेले तेव्हा कळलं. २.१ किलोमीटरचा छोटा ट्रॅक. तिथल्या प्रशिक्षकाने एकच गोष्ट घोकून घेतली: टाकी मांड्यांनी धर, हात मोकळे सोड. मनगटांचं दुखणं तिथल्या तिथे गेलं. वेगात वारा छातीला उचलून धरतो, ब्रेक लावताना गुडघे भार घेतात. सावंतवाडीच्या बाजारात ना तो वारा, ना तो ब्रेक. आपल्याकडे कोकणात ट्रॅक नाही, मद्रासचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट म्हणजे ट्रेलरचं भाडं आणि आठवड्याची रजा. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरा.

पण आंबोली घाट. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, शेवाळलेला डांबर, वळणावर धबधबा बघायला थांबलेल्या गाड्या. तिथे एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारा) आणि स्लिपर क्लच (गिअर पटकन पाडला तरी मागचं चाक घसरू न देणारा) यांनी मला किती वेळा सांभाळलंय. तुम्ही बघताय त्या मॉडेलला वळणात झुकलेले असतानाही चालणारा एबीएस आहे, थ्रॉटल देताना मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल आहे. राजदूतवाल्या दादांचं गाणं मला मान्य, पण जुलैमध्ये माझी गाडी बाहेर असते आणि त्यांची गोधडीखाली.

खारेपणा हिलाही सोडत नाही. चेन पंधरवड्याला साफ करून वंगण घालावी लागते, रेडिएटरच्या पात्या गोड्या पाण्याने धुवायच्या (प्रेशर जेटने नाही, वाकतात), वायरिंगच्या जोडांना ओल अडवणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस. फेअरिंगचे (बाहेरच्या प्लास्टिक कवचाचे) स्क्रू गंजण्याआधी एकदा काढून परत लावून ठेवा.

दाभोळ_ते_दुबई

सलाम सगळ्यांना. मी खेड तालुक्यातला, बरीच वर्षं दुबईत गॅरेजमध्ये. स्वतःची नाहीये, पण हाताखालून दोन्ही जातीच्या गेल्यात, म्हणून लिहितो. चालेल ना देवगडकर?

आमच्या एका गिऱ्हाइकाकडे दोन पोर्श होत्या. एक ९९३, म्हणजे पोर्शच्या ९११ या स्पोर्ट्स कारची हवेवर थंड होणारी शेवटची पिढी, १९९८ ला संपली ती. दुसरी जीटी३, ट्रॅकसाठीच केलेली, चार लिटरचं विनाटर्बो इंजिन, नऊ हजार आरपीएमपर्यंत जाणारं.

९९३ चं तेल बघणं हाच एक विधी. ड्राय संप आहे, तेल वेगळ्या टाकीत. इंजिन पुरतं गरम, गाडी सपाट जागी, इंजिन चालू, मग तेल मोजायची काडी काढायची. थंड गाडीत बघून कुणी वरून तेल ओतलं तर ते जास्त होतं आणि एअर फिल्टरकडे जातं. नव्या पोराला हे सांगितलं की वाटतं आपण थट्टा करतोय. पण हीच गाडी मालक रोज ऑफिसला न्यायचा. दिसतं चारी बाजूंनी, स्टीअरिंगमध्ये रस्ता हाताला लागतो, आणि ऐंशीच्या वेगातही माणूस खूश.

जीटी३ ऐंशीला कंटाळलेली असते. तिचं इंजिन सहा हजारांच्या वर जागं होतं, आणि दुसऱ्या गिअरमध्येच तुम्ही दंडाच्या पलीकडे गेलेले असता. म्हणून ती शुक्रवारी पहाटे ऑटोड्रोमला, म्हणजे दुबईच्या रेस ट्रॅकला, जायची. ट्रॅकवरून आली की ब्रेक फ्लुइड बदलायचं, पॅड मोजायचे, टायरच्या कडा बघायच्या. ब्रेक फ्लुइडही हवेतली ओल पितं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो. इथली किनाऱ्याची हवा आणि आपली, ओलीच्या बाबतीत बहिणीच. टायर तर कोरड्यासाठीच बनवलेले, साचलेल्या पाण्यात भरवसा नको.

गंजाबद्दल विचारलंत. पोर्शने १९७६ च्या मॉडेलपासून ९११ चा पत्रा जस्तात बुडवून काढायला सुरुवात केली. त्याआधीची गाडी समुद्राकाठी ठेवायची तर डोअरच्या खालची पट्टी, बॅटरीखालचा पत्रा दर वर्षी ठोकून बघायचा. तात्पर्य, "क्लासिक" म्हटल्यावर कुठल्या सालची आणि कुठला पत्रा ते आधी विचारा. राजदूतची टाकी आतून बघा, टॉर्च टाकून.

मालकाने शेवटी कुठली विकली? जीटी३. कारण विचारलं तर म्हणाला, पोरगा शाळेत जायला ९९३ मध्येच बसतो.

गुहागर_घरगुती_खोल्या

पाहुण्यांचं सांगते. पुण्याहून एक जोडपं आलेलं, बसकी लाल गाडी, नाव नाही सांगत. धोपावे-दाभोळ फेरीवर ओहोटीच्या वेळी फळी आणि धक्का यांचा कोन असा होता की गाडीचं नाक आधी टेकलं. खलाशांनी लाकडी फळ्या रचून तिला चढवली. मग आमच्या घरची उतरण, चिऱ्यांची, तिथे मात्र उपाय नव्हता. गाडी तीन दिवस देवळाजवळ, आणि ह्यांनी त्यांना बाजारात नेलं आमच्या ओम्नीने. गाडी घेण्याआधी आपल्या घरापर्यंतचा शेवटचा रस्ता बघावा, बाई माणूस म्हणून सांगते, मोठा रस्ता सगळेच बघतात.

चिपळूणकर_२१

२२ जुलै २०२१ च्या पुरात माझी येझदी रोडकिंग पूर्ण पाण्याखाली. शेजाऱ्याची नवी स्पोर्ट्स बाइकही. माझी उघडली, चिखल काढला, मॅग्नेटो सुकवला, बेअरिंगं बदलली, चालू. त्याचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला, वायरिंग गेलं.

इथवर सगळे माझी बाजू घेतात. पण त्याला विम्याचे पैसे मिळाले आणि मला एक रुपया नाही, कारण माझा विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा-किंमत कंपनी आणि तुम्ही आपसात ठरवता, त्यामुळे राजदूत घेतलीत तर कामाची बिलं आणि फोटो जपून ठेवा आणि घासाघीस करा.

पासिंगची_कामं

पंधरा वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावं लागतं. दुचाकीची फी एप्रिल २०२२ पासून तीनशेची हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ पासून दोन हजार. वर पर्यावरण कर. विंटेजची व्हीए नंबरप्लेट मिळेल असं कुणी विक्रेता म्हणाला तर हसा. ती पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना. १९८३ ची राजदूत तिथे २०३३ ला पोचेल. आणि ती पाटी लागली की गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढंच.

पाखाडी म्हणतात ते खरं आहे. या गाड्या दोन-तीन गाड्यांतून एक जोडून विकल्या जातात. चेसिसवरचे आकडे एका ओळीत, एका खोलीचे आहेत का बघा, आजूबाजूला घासल्याची खूण किंवा ताजा रंग असेल तर आरसी बुकशी पुन्हा पुन्हा ताडा.

देवगडकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. घरी धागा वाचून झाला. तिकडचं मत ओम्नीच्या बाजूने आहे.

आंबोलीताई, पावसाळ्याचं तुमचं पटलं. पण खरं सांगू, मला जुलैत कुठे जायचंच नसतं. काम बागेत असतं. मला गाडी हवी ती मोहोर येण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत, आणि तेव्हा भुईबावडा घाट कोरडा असतो. त्यामुळे मन राजदूतकडेच झुकतंय. कोल्हापूरवाल्याला चेसिस नंबरचा आणि आरसी बुकचा फोटो मागितलाय. "पाठवतो" म्हणाला, सकाळपासून आलेला नाही.

पाखाडी

तो येईपर्यंत बयाणा देऊ नका.