गच्चीवरचे वानर : नागपूरकरांचे अनुभव

नागपुरात वानर म्हटले की काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा हनुमान लंगूरच डोळ्यांसमोर येतो. अंबाझरी, गोरेवाडा, सेमिनरी हिल्स अशा झाडीलगत राहणाऱ्यांनी त्याच्या राहणीत झालेला जो बदल स्वतः पाहिला असेल, तेवढाच येथे लिहावा. नुकसानीची गाऱ्हाणी तूर्त बाजूला ठेवू.

सेमिनरी हिल्सजवळून :
मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकला की भर दुपारी टोळी आमच्या मागच्या भिंतीवरून उतरते आणि कुलरच्या टाकीचे झाकण सरकलेले दिसले, तर माद्या आळीपाळीने तोंड बुडवून पाणी पितात. नर मात्र शेजारच्या पाण्याच्या टाकीवर पहाऱ्याला बसतो. जंगलात हीच जागा उंच झाडाच्या शेंड्याची असते. गंमत म्हणजे कुरडयांच्या वाळवणापेक्षा त्यांची ओढ आमच्या शेवग्याकडेच अधिक आहे. लंगुराचे पोट कप्प्यांचे असते आणि त्यातील जीवाणू पाला आंबवून पचनाजोगा करतात, हे वाचल्यावर या आवडीचा उलगडा झाला. लाल तोंडाच्या माकडासारखी गालात पिशवी नसल्याने घास कोंबून पळण्याची सोयही लंगुराला नाही. तो हातात पोळी घेऊन पळतो, ती पोळी आमच्या पिढ्यानपिढ्यांच्या दानधर्माचीच देणगी असावी.

रामटेकहून :
गडाच्या पायऱ्यांवर मी अनेकदा ताडून पाहिले आहे. कापडी पिशवी घेऊन गेलो, तर वानरे मान वर करून पुन्हा उवा वेचू लागतात. प्लास्टिकची पिशवी नुसती चुरचुरली, तरी दोघे-तिघे वाट अडवतात.

काटोलहून :
संत्र्याच्या बागेत फटाक्यांचा धाक जेमतेम आठवडाभर टिकला. त्यानंतर रखवालदार जेवायला बसण्याची वेळ त्यांनी बरोबर हेरली; बांधावरच्या चिंचेवर बसून ती मुकाट वाट पाहत असत.

अंबाझरीजवळून :
गेल्या वर्षी उघड्या विजेच्या तारेला लागून एक पिल्लू गेले. आई ते दोन दिवस छातीशी धरून हिंडत होती. तेव्हापासून टोळी गल्ली ओलांडताना त्या खांबाकडे फिरकत नाही. पलीकडच्या इमारतीवरून गेलेल्या टीव्हीच्या जाड केबलीवरून एकामागून एक जाते, आणि पिल्ले असलेल्या माद्या खाली उतरून कुंपणाच्या भिंतीने येतात.