वॉटर पार्कमध्ये तीन पिढ्या: सर्वांना पाण्यात उतरता यावे आणि धाकट्यावर लक्षही राहावे, अशी आखणी कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. आम्ही घरातील सहाजण एका थीम वॉटर पार्कमध्ये दिवसभरासाठी जाणार आहोत. मुलगा चार वर्षांचा आहे, मुलगी बारा वर्षांची आहे आणि सासू-सासऱ्यांनी सत्तरी ओलांडली आहे. सासऱ्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. सासूबाईंना पाणी फार आवडते, मात्र गुडघ्यांमुळे त्यांना जिने चढवत नाहीत. मुलीचे लक्ष सर्वांत उंच घसरगुंडीकडे लागले आहे आणि धाकटा पाणी दिसले की कोणाचेच ऐकत नाही. पोहता येते ते केवळ मला आणि मुलीला.

अशा सहलींत कोणीतरी एकजण दिवसभर पिशव्या राखत बसतो आणि संध्याकाळी कोरड्या कपड्यांनिशी घरी परततो. हे मला या वेळी होऊ द्यायचे नाही. त्याच वेळी धाकट्यावरची नजर क्षणभरही हटू नये, असेही वाटते. या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतील का? मुलाला लाइफ जॅकेट घातले किंवा दंडांवर चढवायच्या फुगवलेल्या पट्ट्या लावल्या, तर थोडे निर्धास्त राहता येईल का?

प्रतिसाद १

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याच्या उत्तरावर बाकीची सगळी आखणी अवलंबून आहे. दंडांवरच्या फुगवलेल्या पट्ट्या हे खेळणे आहे, सुरक्षेचे साधन नव्हे. त्या निसटतात, त्यांतील हवा जाते, आणि मुलाला मात्र आपल्याला तरंगता येते असा खोटा विश्वास वाटू लागतो. लाइफ जॅकेट अवश्य घाला, पण ते मापाचे आहे का हे आधी पाहा. सर्व पट्टे आवळल्यावर जॅकेट खांद्यांशी धरून वर ओढावे. ते हनुवटीच्या वर सरकले, तर ते सैल आहे असे समजून लहान माप मागावे. मापाचे जॅकेट घातल्यानंतरही मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावरच असले पाहिजे.

बुडणारे मूल हातपाय आपटते आणि ओरडते, ही आपल्या मनातील समजूत बहुतेक वेळा खरी ठरत नाही. श्वास घेण्याची धडपड सुरू झाली की हाक मारण्यासाठी हवाच उरत नाही, आणि हात मदतीसाठी वर जाण्याऐवजी आपोआप पाणी खाली दाबू लागतात. अवघ्या मिनिटाभरात, शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही न कळता, हे घडून जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले आणि त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. हे आकडे नद्या, विहिरी, तळी अशा सगळ्या पाण्याचे मिळून आहेत, वॉटर पार्कचे नाहीत. तरीही तुमच्या धाकट्याचे वय याच गटात येते, हे ध्यानात ठेवावे.

घरातील सगळे मुलाकडे बघत आहेत असे वाटते, तेव्हा प्रत्यक्षात कोणीच बघत नसण्याचा संभव सर्वाधिक असतो. म्हणून एका वेळी एकच मोठा माणूस नेमावा आणि त्या काळात त्याने दुसरे काहीही करू नये. मोबाइल लॉकरमध्ये, गप्पा नंतर. पाळी अर्ध्या तासाहून मोठी नसावी, कारण एकाग्रता त्याहून फार टिकत नाही. पाळी बदलताना "आता तुम्ही बघा" आणि "हो, मी बघतो" एवढे दोन्ही बाजूंनी तोंडाने म्हटले गेलेच पाहिजे. जीवरक्षकांवर विसंबू नये. अनेक ठिकाणी त्यांना १० सेकंदांत आपला टापू नजरेखालून घालण्याचे आणि २० सेकंदांत संकटात असलेल्या माणसापर्यंत पोहोचण्याचे शिक्षण दिलेले असते, पण त्यांच्यासमोर शेकडो माणसे असतात आणि तुमच्यासमोर एकच मूल.

पोहता न येणाऱ्यांनी हे काम करू नये असे नाही. लहान मुलांच्या तलावात पाणी मोठ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत असते, तिथे तुमचे यजमान निर्धास्तपणे पाळी घेऊ शकतात. लाटांच्या तलावात मात्र धाकट्यासोबत तुम्हीच असावे.

प्रतिसाद २

वरील सर्व मान्य आहे, तरी लाटांच्या तलावाबाबत मी आणखी कडक भूमिका घेईन: चार वर्षांच्या मुलाला तिथे केवळ काठावर, लाट पायांवरून जाईल इतक्याच पाण्यात बसवावे. या तलावात काही मिनिटे लाटा आणि काही मिनिटे विश्रांती असे चक्र चालते आणि लाटा सुरू होण्यापूर्वी बहुधा घंटा किंवा भोंगा वाजतो. खोल टोकाकडील कप्प्यांत यंत्राने हवा सोडून पाणी ढकलले जाते. ती लाट उथळ भागात येऊन फुटते, आणि जिथे ती फुटते तिथेच लहान मुले आडवी होतात. शिवाय गर्दीत रबरी ट्यूब एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्याखाली गेलेले मूल वरून दिसत नाही.

मुलीची उंची घरीच, पायांत काही न घालता मोजून ठेवावी. मोठ्या घसरगुंड्यांना साधारण १२० सेंटिमीटरची अट असते, काहींना त्याहून अधिक. तासभर रांगेत उभे राहून वरच्या फलकापाशी परत फिरावे लागणे मुलांना फार लागते. ही अट केवळ धीटपणा पाहण्यासाठी नसते. वळणावर शरीर कोठे फेकले जाईल आणि खालच्या पाण्यात पाय टेकतील की नाही, याचा तो हिशेब असतो. ट्यूबशिवायच्या घसरगुंडीवर पाठीवर झोपावे, हात छातीवर दुमडावेत, पाय घोट्यापाशी एकमेकांवर ठेवावेत आणि मध्येच उठून बसण्याचा प्रयत्न करू नये. खाली पोहोचताच तिथून लगेच बाजूला व्हावे. धाकट्याला मांडीवर घेऊन घसरणे, तिथला नियम स्पष्ट परवानगी देत नसेल, तर टाळावेच. दोघांचे एकत्र वजन अधिक वेग घेते आणि पाण्यावर आदळताना मूल हातांतून सुटते.

उंच घसरगुंड्या दार उघडताच, रांगा वाढण्यापूर्वी उरकाव्यात. त्या दोन तासांत मुलीसोबत एकजण आणि धाकट्यासोबत एकजण असे विभागून घ्यावे. सासूबाईंसाठी लेझी रिव्हर, म्हणजे पंपांनी वाहते ठेवलेला संथ प्रवाह, उत्तम आहे. फक्त उतरण्याच्या ठिकाणी पायऱ्यांना कठडा आहे का, ते पाहून घ्यावे, आणि ट्यूबमध्ये बसताना व उठताना कोणीतरी ती धरून ठेवावी. सासऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. रक्तदाब असलेल्यांनी बसू नये असे फलक वेगवान घसरगुंड्यांवर असतातच आणि ते पाळावेत. पिशव्यांसाठी लॉकर घ्या, म्हणजे राखणदाराचा प्रश्न तिथेच मिटेल.

प्रतिसाद ३

थीमविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, आणि आजी-आजोबांना दिवसात सामावून घेण्याचा खरा मार्ग तोच आहे, असे मला वाटते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या ऑरलँडो येथे १९७७ मध्ये सुरू झालेले वेट 'न वाइल्ड हे पहिले आधुनिक वॉटर पार्क मानले जाते. तिथे भर पाण्यातील खेळांवर होता. १९८९ मध्ये फ्लोरिडातच उघडलेल्या डिस्नीच्या टायफून लगूनने त्यांना एका गोष्टीत गुंफले: वादळाने सगळे उलथून टाकले आहे आणि एक बोट डोंगराच्या शिखरावर जाऊन अडकली आहे. डिस्नीच्याच १९९५ मधील ब्लिझर्ड बीच या पार्कची कल्पना तर अशी की उष्ण प्रदेशात अवचित बर्फ पडला, लोकांनी स्कीइंगचे केंद्र उभारले आणि मग बर्फ वितळून त्याच्या घसरगुंड्या झाल्या. तुम्ही निवडलेल्या पार्कचीही अशी काही गोष्ट असेल, तर ती आजी-आजोबांनी मुलांना आधल्या रात्री सांगावी. मग प्रत्येक गुहा आणि प्रत्येक जहाज नातवाला दाखवायला तेच पुढे होतील, आणि त्यासाठी एकही जिना चढावा लागणार नाही.

पण याच सजावटीमुळे नजर अडते, हे विसरू नये. खडक, धबधबे, चाच्यांचे जहाज यांच्यामागे मूल सहज दिसेनासे होते, आणि खेळण्याच्या मोठ्या सांगाड्याला चढायला एक वाट असली तरी उतरायला चार असतात. तिथे एकाने मुलाबरोबर वर जावे आणि दुसऱ्याने खाली थांबावे. धाकट्याचे कपडे भडक नारिंगी किंवा गुलाबी असावेत. निळा आणि पांढरा रंग पाण्यात हरवतो. आत शिरताच त्याच कपड्यांत त्याचे छायाचित्र काढून ठेवा. चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा प्रथमोपचार केंद्र ठरवावी, कारण तिथे कर्मचारी हमखास असतात.

प्रतिसाद ४

थोडी भर घालतो. पाण्याची उष्णतावहनाची क्षमता हवेच्या सुमारे २५ पट असते, त्यामुळे लहान शरीर लवकर गारठते. ओठ निळसर दिसले किंवा कापरे भरले की मुलाला बाहेर काढून कोरडे करावे. सनस्क्रीन किमान ३० एसपीएफचे आणि पाण्यात टिकणारे घ्यावे, आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे. डोळे चुरचुरतात ते बहुधा शुद्ध क्लोरीनमुळे नव्हे, तर घाम व लघवीशी संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामाइनमुळे, म्हणून उतरण्यापूर्वी सर्वांनी शॉवर घ्यावा. कोणाला जुलाब होत असतील, तर त्याने पाण्यात अजिबात उतरू नये, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही आठवड्याहून अधिक काळ जिवंत राहू शकतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सकाळी यजमान धाकट्यासोबत उथळ तलावात आणि मी मुलीसोबत घसरगुंड्यांवर, त्यानंतर सासूबाई आणि मी लेझी रिव्हरमध्ये, असे आम्ही ठरवले आहे. सासऱ्यांनी गोष्ट सांगण्याचे काम आनंदाने स्वीकारले आहे. एक शंका उरली: मुलीला जाड भिंगांचा चष्मा आहे. तो घसरगुंडीवर चालतो का?

प्रतिसाद २ लिहिणारे

बहुतेक उंच घसरगुंड्यांवर चष्मा आणि गॉगल दोन्ही काढायला सांगतात. वर जाताना तो तुमच्याकडे द्यावा आणि तुम्ही खाली उतरण्याच्या जागी उभ्या राहून तिला लगेच द्यावा. तलावांसाठी तिच्या नंबरचे पोहण्याचे गॉगल चष्म्याच्या दुकानात करून मिळतात. कॉन्टॅक्ट लेन्स असतील, तर त्या पाण्यात घालू नयेत. त्यामुळे डोळ्यांना जंतुसंसर्ग होऊ शकतो.