काळ्या मशीनवर रिंग लावून भरतकाम: उलट्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो

वेलबुट्टी
सरळ टाक्याचं काळं मशीन आहे, मोटर बसवलेली. ब्लाउजच्या बाह्यांवर वेल आणि पानं भरायची आहेत. प्रेसर फूट काढला, टाका शून्यावर आणला, लाकडी रिंगमध्ये पॉपलिन ताणलं. दोरा रेयॉनचा, सुई १६ नंबर. सुलट बाजूला टाके बरे दिसतात, पण उलट बाजूला वरच्याच दोऱ्याचा गुंता होतो आणि दोन-तीन इंचांवर दोरा तुटतो. वरच्या टेन्शनचा (दोऱ्याच्या ताणाचा) नट बराच घट्ट केला, फरक शून्य. शिवाय पान भरून झालं की त्याच्या भोवतीचं कापड आक्रसतं. सुरुवात कुठून करू? डार्निंग फूट (रिंगच्या भरतकामासाठीचा पाय) घ्यावाच लागेल का?

कशिदा
नट फिरवूनही काही फरक पडत नाही, हीच खूण आहे. मशीनचा पाय (प्रेसर फूट) उचलायचा मागचा खटका वर राहिलाय. पाय काढला की खाली काहीच दिसत नाही, त्यामुळे खटका खाली करायचं लक्षात येत नाही. पण खटका वर असला की टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात. मग नट कितीही आवळा, दोऱ्याला पकडच मिळत नाही. सैल दोरा शटलभोवती (बॉबिन केस बसते त्या भागाभोवती) साठतो, अडकतो आणि तुटतो. म्हणजे दोरा खराब नाही, गुंत्यामुळे तुटतोय.

पाय नसला तरी शिवण्याआधी खटका खाली. मग सुईजवळचा दोरा हाताने ओढून बघा, स्पष्ट अडला पाहिजे. ओवताना मात्र खटका वर ठेवा, नाहीतर दोरा चकत्यांच्या मध्ये नीट बसत नाही. सुईबरोबर वर-खाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून दोरा सुटलाय का, तेही बघा. तो सुटला तरी असाच गुंता होतो.

आता नट पुन्हा सैल करा. रेयॉन सुती दोऱ्यापेक्षा कच्चा असतो, त्याला साध्या शिवणीपेक्षा कमी टेन्शन लागतं. बॉबिनमध्ये बारीक पॉलिस्टर किंवा सुती दोरा भरा. बॉबिन केस (बॉबिन बसते ती डबी) दोऱ्याला धरून लोंबती सोडा: आपोआप खाली घसरली तर सैल, हलका झटका दिल्यावर थोडी उतरून थांबली तर बरोबर. भरतकामात वरचा दोरा उलट बाजूला किंचित दिसला पाहिजे. खालचा दोरा वर डोकावता कामा नये.

१६ नंबरची सुई पॉपलिनला जाड आहे, भोकं दिसतील. ११ किंवा १४ लावा. सुईची लांब खाच ज्या बाजूने ओवता त्या बाजूला, चपटी बाजू तिच्या विरुद्ध.

आडवा_टाका
कशिदांच्या म्हणण्यात दात्यांची (सुईखाली कापड पुढे सरकवणाऱ्या दातेरी पट्टीची) भर घालतो. टाका शून्यावर ठेवला की दाते पुढे-मागे सरकत नाहीत, पण वर-खाली होतच राहतात आणि कापडाला खालून टोचतात. तुमच्या मशीनला दाते खाली नेणारी गुंडी असेल तर ती वापरा. नसेल तर दाते झाकणारी भरतकामाची प्लेट मिळते, स्वस्त असते.

रिंग हातभरतकामाच्या उलट लावायची. मोठी रिंग खाली, तिच्यावर कापड सुलट बाजू वर करून, मग आतली रिंग वरून दाबायची. कापड थेट प्लेटला टेकलं पाहिजे. आतल्या रिंगेला सुती फीत गुंडाळा, पकड वाढते. उभा-आडवा धागा सरळ ठेवून ताणा, तिरकं ओढू नका. टिचकी मारल्यावर आवाज आला पाहिजे. कापड ढिलं असेल तर सुईबरोबर वर उचललं जातं आणि टाके सुटतात.

डार्निंग फूट नेमका हेच उचललं जाणं थांबवतो. म्हणून मी नवशिक्यांना घ्यायलाच सांगतो. त्याचा आडवा दांडा सुई घट्ट करायच्या स्क्रूच्या वर बसला पाहिजे, खाली बसला तर फूट उचलला जात नाही. दुकानात जुना पाय सोबत न्या, उंची ताडून घ्या.

कशिदा
फूटबद्दल माझं मत वेगळं. पातळ कापड चांगलं ताणलं असेल तर फूट नसताना सुईचं टोक आणि रेघ दोन्ही दिसतात, बारीक पानाच्या टोकाला त्याचा फार उपयोग होतो. पण सुई उघडी असते. बोटं रिंगच्या काठावरच, सुईपासून दोन इंच लांब. ओवताना मोटरच्या पायडलवरून पाय काढा.

गोंडा
कापड आक्रसतं ते भरणीमुळे. पॉपलिनखाली काहीतरी लागतंच: फाडून काढता येणारा नॉन-वोव्हन (न विणलेलं, कागदासारखं अस्तर), निदान वर्तमानपत्र नसलेला साधा पातळ कागद (शाई कापडाला लागते). तो कापडाबरोबरच रिंगमध्ये ताणा.

एकाच जागी दाट टाके मारू नका. पान कडेपासून मधल्या शिरेकडे तिरक्या टाक्यांनी भरा, आधी विरळ, मग मधल्या फटी दुसऱ्या फेरीत. पहिल्याच फेरीत गच्च भरलं की टाके कापडाला सगळीकडून आत ओढतात, आणि रिंगमधून काढल्यावर ते दिसतं. टाक्यांची दिशा शिरेच्या दोन्ही बाजूंना बदलली की रेयॉनची चमकही वेगळी पडते, पान उठून दिसतं.

बाह्या कापून मग भरू नका! कापडावर बाहीचा आकार आखा, चारही बाजूंना दीड इंच जास्त सोडा, भरा, उलट बाजूने इस्त्री करा, पुन्हा मोजा आणि मग कापा.

वेलबुट्टी
खटका वरच होता! गुंता गेला. पानाच्या गोलाईवर मात्र उलट बाजूला पापण्यांसारखे बारीक लूप येतात, सरळ रेघेत येत नाहीत.

आडवा_टाका
गोलाईवर तुमचा हात जोरात पळतोय. रिंग झटक्यात ओढली की वरचा दोरा कोपऱ्यात ताणला जातो आणि टाका नीट आवळला जात नाही. तिथे हात सावकाश करा, मशीन नाही. उलट करतात बहुतेकजण.

हिशेब असा: मशीन मिनिटाला ३०० टाके घालत असेल तर सेकंदाला पाच. दीड-दोन मिलिमीटरचा टाका हवा असेल तर रिंग सेकंदाला पाऊण ते एक सेंटिमीटर सरकली पाहिजे. मोटरने वेग ६०० केला तर हातही दुप्पट. हात मागे पडला की टाके एकावर एक साठतात, पुढे गेला की सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि मोडते. म्हणून आधी एकच मध्यम वेग ठरवा, पायाने तो कमी-जास्त करू नका.

सरावाला जुनी चादर घ्या. रिंग न फिरवता, तोंड एकाच दिशेला ठेवून देवनागरी अक्षरं लिहा: ळ, क्ष, ठ. गोलाई, गाठ आणि उलट वळण तिन्ही येतं. प्रत्येक सुरुवातीला चाक हाताने फिरवून खालचा दोरा वर काढा, दोन्ही टोकं धरून जागच्या जागी तीन-चार टाके घाला, मग टोकं कापा. इतकं करूनही लूप राहिले तर वरचं टेन्शन पाव फेरा घट्ट करा, त्याहून जास्त नको.

गोंडा
जरीचा दोरा वापरणार असाल तर जर वरून ओवू नका, सुईच्या भोकात सोलली जाते. जर बॉबिनवर भरा, बॉबिन केसचा छोटा स्क्रू थोडा सैल करा, नक्षी कापडाच्या उलट बाजूला आखा आणि उलट बाजू वर ठेवून शिवा. सुलट बाजूला जरीची रेघ उमटते. स्क्रू फिरवण्याआधी त्याची जागा पेनाने खूण करून ठेवा, किंवा जरीसाठी वेगळी केसच घ्या.