मदत हवी आहे : दोर्दोन्य नदीकाठी चार दिवस, सोबत सासू-सासरे

नमस्कार मंडळी, सप्टेंबरमध्ये पॅरिसहून दक्षिणेकडे ला रोक-गाजाकला चार दिवस जातोय. डोंगरकडा आणि दोर्दोन्य नदी यांच्या चिंचोळ्या पट्टीत वसलेलं इवलंसं गाव. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि साताऱ्याहून येणारे सासू-सासरे.

मुख्य प्रश्न नावेचा. लेकीला कनू वल्हवत कास्तेलनो आणि बेनाक हे दोन्ही किल्ले नदीतून बघायचेत. शंभर वर्षांच्या युद्धात एकात इंग्रज, दुसऱ्यात फ्रेंच, मध्ये फक्त नदी. ही गोष्ट मीच तिला सांगून बसलोय! पण आम्हा दोघांना पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घालून नवख्यांना जमतं का? सप्टेंबरात पाणी किती असतं? सासू-सासऱ्यांसाठी गाबार, म्हणजे तिथली जुन्या मालवाहू नावेसारखी सपाट बोट, ठरवलीच आहे.

जवळच्या मार्केसाकच्या टेकडीवरल्या बागेत चढ किती? सासऱ्यांचे गुडघे कुरकुरतात, पण किल्ला म्हटलं की अजिंक्यतारा चढल्याच्या गप्पा सुरू!

आदिमानवाच्या चित्रांची लास्कोची मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे हे माहीत आहे. २०१६ला उघडलेली प्रतिकृती बघायला मोंतिन्याकपर्यंत जाणं सार्थकी लागतं का?

आणि सासूबाई शुद्ध शाकाहारी, तिथे जिकडेतिकडे बदक. जवळच्या सार्ला गावच्या बुधवार-शनिवारच्या बाजारातून भाजी आणून घरीच कुकर लावावा म्हणतोय. कोणी जाऊन आलंय का?