पन्नाशीनंतरचं पोहणं: अंतर वाढवायचं की आधी अंग सरळ करायचं?

खानापूरकर
वय ५७. सायकल, धावणं जमतंय, चोर्ला घाटही न थांबता चढतो. मार खातोय तो पोहण्यात. गोव्याची ट्रायथलॉन (आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं अशी शर्यत) करायचीय. त्यात मिरामारच्या समुद्रात १.९ किमी पोहायचं, वेळेची मर्यादा १ तास १० मिनिटं. म्हणजे १०० मीटरला ३ मिनिटं ४० सेकंद. कागदावर सोपं आहे. पण मी शिकलो शेतातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून, डोकं पाण्याबाहेर काढून. दोन महिने टँकमध्ये नुसतं अंतर वाढवत गेलो. वेळ तिथल्या तिथेच, वर उजवा खांदा धरला.

मग पुतणीनं कडेवरून मोबाईलवर व्हिडिओ काढला. डोकं वर, कंबर खाली, आणि पाय पार हातभर खोल लोंबकळतायत. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. त्यात मी अंग तिरकं धरून ते ढकलत होतो. माझं स्पष्ट मत: आपल्या वयात तीन महिने अंतराचं नाव काढू नये. आधी आडवं तरंगायला शिकावं.

हिंडलगेकर
काका, हे नाही पटलं. तंत्र मोडतं ते दमल्यावर. पहिल्या २०० मीटरला सगळेच छान पोहतात ओ. हजार मीटरनंतर कोपर पडतं, मान वर येते. त्या वेळी कामाला येतो तो दम, आणि दम अंतरानंच वाढतो. शिवाय समुद्रात टँकसारखी तळाला रेघ नसते. दिशा बघायला डोकं वर काढावंच लागतं. विहिरीतल्या पोरांना खोल पाण्याची भीती नसते, ही केवढी जमेची बाजू! ती तुम्ही दोष म्हणून मोजताय.

टिळकवाडीची ताई
हिंडलगेकर, दिशा बघायला डोळे पाण्याच्या जरा वर आले की पुरे, अख्खं डोकं नाही. आणि दर सात-आठ हातांनी एकदा.

मी ५३व्या वर्षी शिकले. माझी खरी अडचण पाय नव्हतेच, श्वास होता. तोंड पाण्यात असताना श्वास धरून ठेवायची आणि वर आल्यावर सोडणं-घेणं एकदम करायला जायची. ५० मीटरला जीव घाबरा व्हायचा. पाण्यात बुडबुडे सोडत राहायचं, वर आल्यावर फक्त घ्यायचं, एवढं जमायला तीन आठवडे गेले. त्यानंतर मान सैल पडली, आणि कंबर आपसूक वर आली. काका, तुम्ही पाय बघताय. व्हिडिओत नाकासमोर बुडबुडे दिसतात का ते बघा.

निपाणीकर
दोघांनाही विचारतो, खांद्याचं काय? विशीतल्या पोरांचे व्हिडिओ बघून कोपर उंच ठेवायला गेलो आणि सहा आठवडे हात वर करता येईना. पन्नाशीनंतर खांदा तेवढा फिरत नाही. हात डोक्याच्या रेषेत आत घालण्यापेक्षा खांद्याच्या रुंदीवर घाला, आणि हातानं ओढण्याआधी अंग कुशीवर वळू द्या. पायही जोरानं मारू नका, पुढे ९० किमी सायकल आहे. तंत्र हवंच, पण आपल्या सांध्यांना झेपणारं.

हिंडलगेकर
खांद्याचं मान्य. पण तीन महिने अंतर बंद, हे अजूनही चूकच. शर्यतीत १.९ किमी सलग आहे. आठवड्यातून एकदा तरी लांब पोहा, नाहीतर त्या दिवशी शरीराला ते नवीनच वाटेल.

खानापूरकर
ताई, व्हिडिओ पुन्हा पाहिला. बुडबुडे नाहीतच. श्वास कोंडून पोहत होतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चार दिवस फक्त तेवढंच केलं. २५ मीटरला आधी ३१ हात लागायचे, काल २६ लागले, आणि खांदा ठणकला नाही.

हिंडलगेकर, तीन महिन्यांचा हट्ट सोडतो. तुमचं पटलं, कारण काल लांब पोहताना ८०० मीटरनंतर हात परत ३० वर गेले. पण मोडतंय काय ते कळल्याशिवाय नुसतं पोहत राहणार नाही, हे माझं म्हणणं कायम आहे. रविवारी पुतणीला परत बोलावलंय. या वेळी मोबाईल सुरू करायचा तो हजार मीटर झाल्यावर.